समस्या निवारण: हलक्या विमानाच्या एक्झॉस्ट पाइपला त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणारा तडा

समस्येचे स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखेच असते. आडव्या मांडणीच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर एका सिलिंडरच्या पाइपला फ्लँजच्या (पाइप सिलिंडरला बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडीच्या) खाली, वेल्डिंगच्या कडेलगत तडा जातो. पाइप उतरवून, साफ करून पुन्हा वेल्ड केला जातो, काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि पुढच्या तपासणीला काउलिंग (इंजिनावरचे झाकण) उघडले की त्याच सिलिंडरखाली फिकट राखाडी डाग पुन्हा दिसतो. मग वेल्डर बदलला जातो, वरून पट्टी मारली जाते, जाड पत्र्याचा पाइप मागवला जातो. तडा येतोच, फार तर पट्टीच्या कडेला सरकतो.

पहिल्यांदा गेलेला तडा वेल्डिंगचा, धातूचा किंवा निव्वळ वयाचा दोष असू शकतो. तोच तडा त्याच जागी दुसऱ्यांदा गेला, तर वेल्डरला बोल लावणे थांबवून पाइपच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे तुटते तिथे बहुधा मूळ बिघाड नसतो. पाइपला जिथे सरकता यायला हवे पण येत नाही, किंवा जिथे आधार हवा पण नाही, तिथे तो असतो. फ्लँजजवळची जागा ताठ आणि सर्वांत तापणारी असल्यामुळे त्याचा ताण तिथे उघडा पडतो, इतकेच. तिथेच वेल्डिंग करत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकावी: तडा गेलेल्या एक्झॉस्टवर, तो कितीही बारीक असला तरी, विमान उडवू नये. तड्यातून सुटणारा वायू ७०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या घरात असतो आणि त्याच्या वाटेत इंधनाची नळी, इग्निशनची तार किंवा इंजिन माउंटची नळी असू शकते. केबिन गरम करण्याची हवा ज्या आवरणातून जाते, त्या आवरणाखाली तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि त्याला वासही नसतो. २१ जानेवारी २०१९ रोजी इंग्लिश खाडीत कोसळलेल्या पायपर मालिबू विमानातील प्रवासी, फुटबॉलपटू एमिलियानो साला यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले होते. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असण्याचा संभव मांडला आणि तो वायू एक्झॉस्टमधून केबिनमध्ये आला असावा, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे हीटरचे आवरण काढल्याशिवाय केलेली एक्झॉस्टची तपासणी पूर्ण झाली, असे मानू नये.

आधी तडा वाचावा

पाइप लगेच वेल्डरकडे पाठवण्याचा मोह आवरावा, कारण तड्याची दिशा आणि जागा ही सर्वांत मोठी खूण असते आणि वेल्डिंगची पहिली ठिणगी ती पुसून टाकते. तड्याचे जवळून छायाचित्र घ्यावे, तो घड्याळाच्या किती वाजण्याच्या जागी सुरू होतो ते लिहून ठेवावे आणि मगच पाइप साफ करावा. खूण करण्यासाठी शिसपेन्सिल मात्र वापरू नये. पेन्सिलीतला कार्बन आणि जस्ताचा मुलामा असलेल्या हत्यारांचा जस्त तापलेल्या स्टेनलेस स्टीलमध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि पुढचा तडा पेन्सिलीच्या रेषेवरूनच जाताना दिसतो. फेल्ट टिपचे पेन किंवा निळी लेआउट शाई पुरेशी आहे.

पाइपला वेढा घालणारा, वेल्डच्या पायथ्याशी सुरू झालेला आडवा तडा हा वाकण्याने आलेल्या थकव्याचा असतो. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिल्यावर ती तुटते, तीच ही क्रिया. फरक एवढाच, की इथे वाकवणारा हात दिसत नाही. तडा फ्लँजच्या वरच्या अंगाला सुरू झाला असेल तर पाइपचे खालचे टोक खाली ओढले जाते आहे आणि आतल्या अंगाला असेल तर ते बाहेर ढकलले जाते आहे, असा पहिला अंदाज बांधता येतो. उभा, पाइपच्या लांबीने जाणारा तडा, विशेषतः त्याभोवती पत्रा फुगलेला असेल तर, वेगळी कथा सांगतो: तिथे पत्रा आतून झिजून किंवा अति तापून पातळ झालेला असतो. स्लिप जॉइंटच्या (एका नळीत दुसरी सरकणाऱ्या सांध्याच्या) बाहेरच्या नळीच्या तोंडापासून निघालेला लहान उभा तडा सांधा अडकल्याचे किंवा क्लॅम्प अवाजवी आवळल्याचे सुचवतो. ब्रॅकेटच्या कडेने गेलेला तडा ब्रॅकेट गरजेपेक्षा ताठ असल्याचे सांगतो.

मफलरच्या आतले पडदे तुटून टेलपाइपचे (वायू बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीचे) तोंड अडवतात, हा वेगळा विषय आहे. शक्ती कमी झाली असेल आणि मफलर हलवल्यावर आत खडखडाट येत असेल, तर आधी तिकडे पाहावे.

पाइप किती वाढतो, याचा हिशेब

एक्झॉस्टसाठी सर्रास वापरले जाणारे ३२१ जातीचे स्टेनलेस स्टील दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१८ मिलिमीटर वाढते. साधे पोलाद वाढते त्याच्या जवळपास दीडपट. अर्ध्या मीटरचा पाइप ६०० अंशांनी तापला तर तो ५.४ मिलिमीटर लांब होतो. ज्या इंजिनावर तो बसवलेला आहे त्याचे क्रँककेस ॲल्युमिनियमचे असले तरी पाइपच्या मानाने फारच कमी तापते, त्यामुळे तेवढ्याच अंतरात ते साधारण एक मिलिमीटरच वाढते. उरलेले चार मिलिमीटर कुठेतरी जायलाच हवेत. सांधा मोकळा असेल तर ते सांध्यात जातात. अडकला असेल तर पाइप वाकतो आणि दर उड्डाणाला एकदा तापून, एकदा निवून वेल्डची कडा तेवढी पिळली जाते.

यावर दुसरी हालचाल चढते. इंजिन रबरी माउंटवर लोंबकळत असते आणि सुरू होताना व बंद होताना ज्या वेगाला ते माउंटच्या स्वाभाविक कंपनाशी जुळते, त्या क्षणी ते सर्वाधिक हलते. काउलिंगच्या तोंडाशी उभे राहून इंजिन बंद होताना टेलपाइपकडे पाहिले तर त्याचे टोक किती झुलते ते उघड्या डोळ्यांनी दिसते. म्हणून एक्झॉस्टचा सारा भार इंजिनावरच टांगलेला असावा, फायरवॉलला (इंजिन व केबिनमधल्या आगरोधक भिंतीला) किंवा काउलिंगला नाही. एक टोक इंजिनाला आणि दुसरे विमानाच्या सांगाड्याला बांधलेला पाइप हा इंजिन माउंटच होऊन बसतो, आणि पाइपच्या पातळ नळीकडून ते काम निभणारे नसते. सांगाड्याशी जोड अपरिहार्यच असेल, तर तिथे स्प्रिंग किंवा रबरी बुश घातलेला, सर्व दिशांनी लवणारा टांगणी-आधार हवा.

फ्लँज सैल करून पाहण्याची चाचणी

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त सांगून जाणारी चाचणी पाना घेऊन काही मिनिटांत होते. इंजिन पूर्ण थंड असताना बाकीची जोडणी जशी आहे तशी घट्ट ठेवून फक्त तडा जाणाऱ्या सिलिंडरच्या फ्लँजचे नट काढावेत आणि फ्लँज कशी हलते ते पाहावे. ती जागच्या जागी, हाताने किंचित डोलेल अशी राहिली, तर जोडणीत पूर्वताण नाही. ती उसळून बाजूला गेली, स्टडला एका अंगाने टेकली किंवा पोर्टपासून (सिलिंडरच्या वायू बाहेर पडण्याच्या तोंडापासून) तिरकी उभी राहिली, तर बहुधा दुखणे सापडले.

तिरकेपणा फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावा. समजा ६० मिलिमीटर रुंदीच्या फ्लँजची एक कड टेकलेली आहे आणि दुसरी कड एक मिलिमीटर वर आहे. दिसायला हे क्षुल्लक आहे. नट आवळले की गॅस्केट दबते आणि फट मिटते, त्यामुळे बसवणाऱ्याला काही खटकतही नाही. पण ६० ला एक या प्रमाणात अर्ध्या मीटर लांबीच्या पाइपचे दुसरे टोक आठ मिलिमीटर सरकते. म्हणजे ते टोक आठ मिलिमीटर ओढून कलेक्टरमध्ये (पाइप एकत्र येतात त्या नळीत) बसवले गेले आहे आणि इंजिन सुरू होण्यापूर्वीच वेल्डची कडा ताणलेली आहे. अशी फ्लँज नटांनी ओढून बसवण्यापेक्षा पाइप जिगवर (योग्य आकारात धरून ठेवणाऱ्या साच्यावर) नीट करून घ्यावा. घाईत हा सल्ला सर्वाधिक धुडकावला जातो, हे मला ठाऊक आहे.

स्लिप जॉइंट आणि बॉल जॉइंट

स्लिप जॉइंट उघडल्यावर आतल्या नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाकडे निरखून पाहावे. सांधा नीट काम करत असेल तर तिथे काही मिलिमीटर रुंदीचा, पूर्ण वेढा घेणारा, घासून चकाकलेला पट्टा दिसतो. पाइप तेवढा आतबाहेर सरकतो आहे, याचा तो पुरावा असतो. पट्टा एकाच अंगाला असेल तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. पट्टाच नसेल आणि सगळीकडे सारखाच तपकिरी पापुद्रा चढलेला असेल, तर तो सांधा फक्त नावापुरता आहे. तो कधीच जखडला आहे आणि त्याच्या वाटणीची हालचाल फ्लँजच्या वेल्डला सोसावी लागते आहे.

जखडलेला सांधा हातोडीने ठोकून काढू नये, त्याने नळीचा गोलवा जातो. भेदक तेल सोडून वेळ द्यावा आणि पीळ देत सोडवावा. दोन्ही पृष्ठभागांवरचा पापुद्रा स्टेनलेसच्या ब्रशने काढावा, कार्बन स्टीलच्या ब्रशने नाही. बसवताना निकेलयुक्त, उच्च तापमानाचा अँटी-सीझ लेप लावावा आणि थंड अवस्थेत सांधा हाताने फिरतो याची खात्री करावी. वायूच्या प्रवाहात वरच्या बाजूची नळी आत आणि खालच्या बाजूची बाहेर, अशी रचना असली की वायू फटीवरून पुढे निघून जातो. उलटी असेल तर तो फटीत घुसतो आणि गळतीचा डाग कायमचा राहतो. थंड इंजिनावर स्लिप जॉइंटमधून थोडी गळती होणे स्वाभाविक आहे, आणि ती थांबवण्यासाठी क्लॅम्प आवळत जाणे हेच पुष्कळदा या साऱ्या प्रकरणाचे मूळ असते.

बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे गोलाकार तोंडांमुळे कलू शकणाऱ्या सांध्यात, चूक वेगळी होते. त्याचे बोल्ट स्प्रिंगांवर बसतात आणि स्प्रिंगांनी सांधा दाबून धरायचा असतो, पण बोल्ट इतके आवळले जातात की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि सांधा पक्का बोल्टबंद होतो. वेटोळ्यांमध्ये मोकळी जागा दिसलीच पाहिजे. जुन्या स्प्रिंगा उष्णतेने मऊ पडून आखूड झालेल्या असतात, त्या बदलाव्यात. नट पूर्ण धातूचे स्वयंबंद जातीचे असावेत. नायलॉनची कडी असलेले नट १२० अंशांच्या पुढे वापरायचे नसतात आणि इथले तापमान त्याच्या कितीतरी वर असते.

हालचाल मोकळी असूनही तडा जात असेल तर

मग मांडणीकडे वळावे. फ्लँजवर स्वतःच्या वजनाने लोंबणाऱ्या सारख्या जाडीच्या पाइपची लांबी दुप्पट केली तर फ्लँजपाशी येणारे वाकवणारे बल चौपट होते आणि पाइपची स्वाभाविक कंपनसंख्या एक चतुर्थांशावर उतरते. ही उतरलेली संख्या कुठे जाऊन पडते, ते महत्त्वाचे. थेट प्रोपेलर फिरवणारे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर चालते तेव्हा सेकंदाला ८० वेळा स्फोट होतात, आणि प्रोपेलर दोन पात्यांचा असेल तर पात्यांचे धक्केही सेकंदाला ८० च असतात. एका सिलिंडरच्या पाइपला स्वतःच्या सिलिंडरकडून २० धक्के मिळतात. टेलपाइपची स्वाभाविक संख्या यांपैकी एखाद्याजवळ आली, तर क्रूझच्या नेहमीच्या वेगावर तो तासन्‌तास अनुनादात थरथरतो.

हे तपासायला मोठी उपकरणे लागत नाहीत. पाइप जागेवर असताना टोकाला रबरी हातोडीने हलका टोला द्यावा आणि पाइपवर टेकवलेल्या फोनच्या कंपनमापक ॲपवर संख्या पाहावी. तापलेले स्टील कमी ताठ असते, म्हणून प्रत्यक्ष चालतानाची संख्या थंड मापापेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी धरावी. थंड पाइपची संख्या ९२ आली म्हणून निर्धास्त होणाऱ्याने ती तापल्यावर ८० च्या आसपास उतरते, हे ध्यानात घ्यावे. उपाय दोन: टेलपाइप आखूड करणे, किंवा त्याच्या मध्याजवळ इंजिनाच्या संपलाच (तळाच्या तेलाच्या भांड्यालाच) टांगलेला लवचीक आधार देणे. पत्रा जाड करणे हा उपाय नव्हे, कारण जाडीबरोबर वजनही वाढते आणि कंपनसंख्या जवळपास तिथेच राहते.

प्रोपेलरचे गतिमान संतुलन याच टप्प्यावर तपासून घ्यावे. कंपनाचा वेग सेकंदाला ०.२ इंचाच्या वर असेल तर एक्झॉस्टची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. खचलेल्या रबरी माउंटमुळे इंजिनाचे नाक खाली झुकून टेलपाइप काउलिंगच्या कडेला टेकलेला असतो, हेही वारंवार आढळते. काउलिंगच्या आत चकाकलेली खरवड दिसली तर ती आधी तपासावी.

स्वतः एक्झॉस्टची रचना करणाऱ्या प्रायोगिक विमानांच्या मंडळींसाठी इथे थोडे विषयांतर करतो. लायकमिंगच्या ओ-३२० किंवा ओ-३६० सारख्या इंजिनाचा स्फोटक्रम १-३-२-४ आहे. म्हणून १ आणि २ तसेच ३ आणि ४ या जोड्यांत स्फोट बरोबर ३६० अंशांनी होतात, तर एकाच बाजूच्या १ आणि ३ मध्ये ते १८० आणि मग ५४० अंशांनी होतात. क्रॉसओव्हर एक्झॉस्टमध्ये पाइप संपच्या खालून पलीकडे नेऊन या जोड्या जुळवतात आणि एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या झडपेवर येण्याचे टळते. कल्पना उत्तम आहे, परंतु हे पाइप लांब असतात, प्रसरणही त्यांचे जास्त, आणि त्यांना सांधे व आधार त्याच प्रमाणात द्यावे लागतात. पाइपची लांबी जुळवून वायूच्या दाबाच्या लाटेचा फायदा घेण्याच्या हौसेत इतक्या मंद गतीच्या इंजिनावर पाइप फारच लांब होतात. काही अश्वशक्तीसाठी ते वजन फ्लँजवर टांगणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पोर्टनंतरच्या पहिल्या बाकाकडेही रचनेतच लक्ष द्यावे. वायू तिथे बाहेरच्या भिंतीवर आदळतो, आणि नळी वाकवताना नेमकी तीच भिंत ताणून पातळ झालेली असते. व्यासाच्या दीडपट त्रिज्येच्या बाकात ती पाव हिश्शापर्यंत पातळ होऊ शकते. मूळ पत्रा ०.९ मिलिमीटर असेल तर तिथे उरतो ०.७ च्या आसपास. स्टेनलेस स्टील उष्णता सहज वाहून नेत नाही, त्यामुळे आदळण्याची जागा शेजारच्या जागेपेक्षा बरीच जास्त तापलेली राहते. फुगवटे याच ठिकाणी येतात. बाक थोडा सैल ठेवावा आणि फ्लँजनंतर लगेच न वळवता आधी थोडी सरळ नळी द्यावी.

उष्णतेचे कारण

एकाच सिलिंडरचा पाइप सतत जळत असेल तर इंजिनाकडे पाहणे भाग आहे. इग्निशनची वेळ मागे पडली असेल किंवा एक स्पार्क प्लग मेलेला असेल, तर ज्वलन उशिरापर्यंत चालू राहते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. इनटेक नळीच्या गळतीने एखाद्या सिलिंडरचे मिश्रण विरळ होते, त्याचेही तेच. फुटलेला मफलर आणि फाटलेले सांधे पाहिल्यावर वैमानिकाला एक प्रश्न जरूर विचारावा: मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) तपासताना चुकून किल्ली बंदवर गेली आणि लगेच परत फिरवली, असे झाले होते का? न जळलेले इंधन पाइपमध्ये साठते आणि मोठ्या आवाजासह तिथेच पेटते.

दुरुस्ती आणि जोडणी

कारण दूर झाल्यावरच वेल्डिंगचा विषय काढावा, आणि प्रमाणित विमान असेल तर दुरुस्ती उत्पादकाच्या पुस्तिकेतील किंवा मान्यताप्राप्त माहितीनुसारच व्हावी. रचनेतला बदल, अगदी एक वाढीव आधारसुद्धा, मंजुरीशिवाय करता येत नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवण्याची पत्र्याच्या कामातली पद्धत इथे चालत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंचा जळका, पापुद्रा धरलेला धातू निघेपर्यंत कापून काढावा, चांगल्या पत्र्याचा तुकडा बसवावा आणि टिग वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडावा. आतून आर्गॉन नसेल तर वेल्डची मागची बाजू काळी, खडबडीत, दाणेदार होते आणि नव्या तड्याची सुरुवात तिथूनच होते. भरण तार ३४७ जातीची वापरतात, कारण ३२१ मधला टायटॅनियम वेल्डिंगच्या आर्कमध्ये जळून जातो, तर ३४७ मधला नायोबियम टिकतो आणि क्रोमियमला कार्बाइडमध्ये अडकू देत नाही.

जोडणीत क्रमाला महत्त्व आहे. नवी गॅस्केटे घालून सर्व फ्लँजा आधी फक्त बोटांनी आवळाव्यात, सांधे मोकळे ठेवावेत आणि साऱ्या रचनेला हाताने हलवून तिची नैसर्गिक जागा घेऊ द्यावी. त्यानंतर फ्लँजांचे नट आळीपाळीने ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) न्यावेत, मग सांधे बसवावेत. टांगणी-आधार सर्वांत शेवटी जोडावा आणि तो जोडताना पाइप जराही ओढावा लागला तर आधाराची लांबी चुकली आहे, असे समजावे. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला लावून सांध्यांवर आणि वेल्डवर साबणाचे पाणी मारावे. स्लिप जॉइंटला थोडे बुडबुडे चालतील, वेल्डवर एकही चालणार नाही. इंजिन एकदा पूर्ण तापवून निववल्यावर गॅस्केटे बसतात आणि नट सैल पडतात, म्हणून थंड अवस्थेत टॉर्क पुन्हा तपासावा. काही उड्डाणांनंतर स्लिप जॉइंट एकदा उघडून आतल्या नळीवर तो चकाकता पट्टा पूर्ण वेढ्याने उमटू लागला आहे का, ते पाहावे. उमटला नसेल तर वेल्ड अजून शाबूत दिसत असला तरी सांधा पुन्हा मोकळा करून घ्यावा.